खाणपट्ट्यातल्या गावांत आरोग्याचं सांगायला जाताय? या चुका टाळा

दर उन्हाळ्यात नवी मुलं येतात. पाठीला सॅक, लॅपटॉपमध्ये चाळीस स्लाइड. सिंधुदुर्गात कुठे तरी खाणीची जनसुनावणी (मंजुरीआधी गावाचं म्हणणं ऐकायची सरकारी बैठक) लागलेली असते आणि यांना तीन आठवड्यांत गाव 'जागृत' करायचं असतं. चेहरे बदलतात, चुका त्याच.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे उठल्यासुटल्या कॅन्सर म्हणणं. ती मीही केलेली आहे. लोहखनिजाची खाण येऊ घातली होती. देवळाच्या सभामंडपात मी तासभर बोलले: धुळीनं सिलिकोसिस होईल, कॅन्सर होईल, विहिरीचं पाणी विषारी होईल. बायका पदर तोंडाला लावून ऐकत होत्या. मला वाटलं, बाजी मारली.

सुनावणीच्या दिवशी एका काकांनी माझीच वाक्यं माइकवर म्हणून दाखवली. कंपनीच्या बाजूचा डॉक्टर शांतपणे उठला. म्हणाला, पाण्यात लोह वाढलं तर चव बिघडते, कपड्यांवर डाग पडतात, ते विष नव्हे. आणि सिलिकोसिस होतो तो वर्षानुवर्षं सिलिकाची बारीक धूळ छातीत घेणाऱ्याला, तीन किलोमीटरवरच्या आंबा बागायतदाराला नाही. दोन्ही गोष्टी बरोबर होत्या. काका खाली बसले. पाठोपाठ एक बाई ओहोळातल्या गाळाबद्दल बोलायला उठली. मुद्दा शंभर टक्के खरा होता, पण तोवर मागच्या रांगेत हशा सुरू झाला होता. त्या सगळ्याचं व्हिडिओ चित्रीकरणही झालं, कारण ते नियमातच आहे. ती फीत मी आजवर पाहिलेली नाही.

आता मी गाळापासून सुरुवात करते. डोंगर उघडा पडला की पहिल्या मोठ्या सरीत माती ओहोळात येते, तिथून नळपाणी योजनेच्या विहिरीत. जलसुरक्षक नेहमीच्या मापानं टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकतो, पण गढूळ पाण्यात ती पुरती लागू पडत नाही. जंतू मातीच्या कणांआड लपतात. मग वाडीत जुलाब सुरू होतात. हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही, प्रत्येक घरानं ते एकदा तरी भोगलेलं असतं. (पाण्यात क्लोरीन उरलंय का हे दाखवणाऱ्या ओटी टेस्टच्या पिवळ्या रंगावरही तांबड्या पाण्यात भरवसा ठेवू नका. लोहानंसुद्धा तो रंग येऊ शकतो.)

सिलिकोसिसवर बोलूच नये असं नाही. कणकवली तालुक्यात सिलिका वाळूच्या खाणी आहेत. तिथं चाळणीवर नि धुण्यावर जाणाऱ्या माणसांशी त्यावरच बोला. रुमाल बांधून ती धूळ अडत नाही, झालेला आजार बरा होत नाही, त्यात टीबीचा धोका वाढतो, आणि कधी कधी नुसता टीबी समजून औषधं चालू राहतात, हे स्पष्ट सांगा. पानांवर दिसणारी तांबडी धूळ बहुतेक जाड असते. छातीत खोल जाते ती डोळ्यांना दिसत नाही.

दुसरी चूक: आधीची मोजणी नसणं. एका बैठकीत मी विहिरी लाल होतील म्हटलं, तर एक आजी म्हणाली, "गो बाय, माझ्या बावीचा पाणी मिरगापासून तांबडाच येता. मग खाण इल्यार नवीन काय होतला?" जांभ्याचा मुलूख, ती खोटं कशाला बोलेल? माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढे खाण झाल्यावर पाणी बिघडलं तरी ते आधीपासून तसंच नव्हतं हे दाखवणार कशानं? पर्यावरण अहवालात साधारणपणे पावसाळा सोडून एका ऋतूची मोजणी असते. कोकणात वर्षाचा जवळजवळ सगळा पाऊस चार महिन्यांत पडतो आणि नेमके तेच कागदावर नसतात.

म्हणून माझी सवय अशी: शंभर पानी वही, एका पानाला एक विहीर. मे महिन्यात नि श्रावणात पाण्याची पातळी काथ्याला गाठ मारून मोजायची आणि रंग लिहायचा. काचेच्या पेल्यात पाणी रात्रभर ठेवून सकाळी तळाला किती गाळ बसला तेही टिपायचं. लोहासाठी गावातलं फील्ड टेस्ट किट चालतं. पिण्याच्या पाण्याचं मानक लिटरला 1 मिलिग्रॅम आहे. जंतूंच्या तपासणीचा नमुना मात्र निर्जंतुक बाटलीत, बर्फात, 24 तासांच्या आत प्रयोगशाळेत. थंडाच्या बाटलीत भरून तीन दिवस जीपच्या डिकीत फिरवलेला नमुना मी पाहिलाय. भरणाऱ्यानं वर मलाच विचारलं, "ताई, एवढं काय त्यात?"

वहीला दोन वर्षं लागतात. दोन वर्षं नसतील तर निदान एक पावसाळा तरी थांबा. तेवढाही धीर नसेल तर पोस्टरं छापा, गावात जाऊ नका.

बाकीचं थोडक्यात. लावणीच्या दिवसांत बैठक लावू नका. पीएम-10, म्हणजे हवेतली बारीक धूळ, समजावून सांगताना मायक्रोग्रॅम काढू नका. विचारलेलं माहीत नसेल तर नाही म्हणा, पुढच्या खेपेला उत्तर घेऊन या. आणि पाणी भरणाऱ्या बाईला सोडून सरपंचांच्या ओटीवर चहा पीत बसू नका.

जनसुनावणीबद्दल एक अडाणी समजूत अजून चालते, की लोक आलेच नाहीत तर ती रद्द होते. पर्यावरण मंजुरीच्या 2006 च्या अधिसूचनेत गणसंख्येची अटच नाही. सूचना 30 दिवस आधी निघते. अहवालाचा सारांश मराठीत मिळायला हवा, तो मागून घ्या आणि गाळ, विहिरींबद्दलचं म्हणणं लेखीही द्या. शेवटी कामकाजाचा गोषवारा मराठीत वाचून दाखवतात. आपला मुद्दा त्यात आला नसेल तर तिथंच हात वर करायचा असतो. पण तोवर शेवटची एसटी गाठायला निम्मं गाव निघून गेलेलं असतं. परतीच्या टेंपोचं आदल्या दिवशीच ठरवून ठेवा.