खाडीत होडी घालण्यापूर्वी भरती, वारा आणि परतीची वेळ कशी ताडावी

डोंगरांच्या कुशीतल्या खाडीकाठी सकाळी उभे राहिले, की हे पाणी आपल्याला सांभाळून घेईल असे वाटते, आणि बहुतेक दिवस ते घेतेही. दाभोळची खाडी उदाहरणादाखल घेऊ. चिपळूणकडून वळणे घेत आलेली वाशिष्ठी, उत्तर काठावर दाभोळ, समोर धोपावे, दोहोंमध्ये ये-जा करणारी फेरीबोट, आणि शेवटी अंजनवेलच्या गोपाळगडाखाली उघडणारे मुख. आतले पाणी समुद्राच्या लाटांपासून सुरक्षित आहे. वाऱ्यापासून, भरती-ओहोटीच्या ओढीपासून आणि विजेपासून ते सुरक्षित नाही. शिवाय आत बसलेल्या माणसाला मुखाशी काय चालले आहे ते दिसत नाही. म्हणून छोट्या उघड्या होडीतून हौसेने फिरणाऱ्याने हवामान पाहताना ‘आत्ता निघता येईल का’ या प्रश्नाऐवजी ‘परतताना पाणी कसे असेल’ या प्रश्नापासून सुरुवात करावी.

पहिली पायरी: आदल्या रात्री भरतीची वेळ काढा

कोकणात जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीचा ढोबळ तास मिळतो. चतुर्थीला 3 वाजता, अष्टमीला 6 वाजता, पौर्णिमा-अमावास्येला 11 ते 12 च्या सुमारास. एक भरती दिवसा, दुसरी साधारण साडेबारा तासांनी. मुंबईच्या दक्षिणेस ही वेळ थोडी अलीकडे सरकते आणि खाडीत जितके आत जावे तितकी ती उशिरा येते, त्यामुळे प्रत्यक्ष जाताना जवळच्या बंदराचे भरतीचे कोष्टक पाहावेच. पण तिथीचा हिशेब सोडू नये, कारण कोष्टकात सहज न दिसणारी एक गोष्ट तो सांगतो.

उधाणाची भरती, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासची मोठी भरती, आपल्या किनाऱ्यावर नेहमी दुपारच्या आगेमागे पूर्ण होते. त्यानंतर सुकती लागते, म्हणजे पाणी ओसरू लागते. पाणी सहाही तास एकाच वेगाने जात नाही. पहिल्या तासात एकूण उतारापैकी बारावा हिस्सा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात आणि चौथ्यात प्रत्येकी तीन हिस्से, मग पुन्हा दोन आणि एक, असा त्याचा ढोबळ क्रम असतो. म्हणजे निम्मे पाणी मधल्या दोन तासांत निघून जाते, आणि उधाणाच्या दिवशी हे दोन तास दुपारी 1 ते 4 च्या दरम्यान कुठेतरी पडतात. समुद्रावरून येणारे खारे वारे सर्वांत जोरात वाहतात तेही याच वेळी. पाणी पश्चिमेकडे धावते आहे आणि वारा वायव्येकडून त्याच्या अंगावर येतो आहे, अशा स्थितीत लाट उंच होते, आखूड होते आणि तिचा उतार भिंतीसारखा उभा राहतो. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या सुमारास, गणित उलटे असते: दुपारी भरती लागलेली असते, वारा आणि पाणी एकाच दिशेने आत येतात, आणि ओढही मुळात कमी असते. चाकरमानी मात्र शिमग्याला गावी येतो, आणि शिमगा पौर्णिमेचा.

दुसरी पायरी: अंदाज वाचताना आकड्यांचा अर्थ लावा

भारतीय हवामान विभागाचा मच्छीमारांसाठीचा इशारा आणि हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेचा लाटांचा अंदाज, एवढे दोन पाहिले तरी पुरेसे आहे. मोबाइलवरची रंगीत नकाशांची अ‍ॅप्स सोयीची असतात, परंतु खाडीचे वळण आणि काठावरचा डोंगर त्यांच्या चौकटीत मावत नाही.

वाऱ्याचा वेग नॉटमध्ये दिलेला असतो. 10 नॉट म्हणजे ताशी सुमारे 18 किलोमीटर. हा सरासरी वेग आहे, झोत त्याहून बराच जास्त असू शकतो. वाऱ्याचा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे 10 चे 15 नॉट झाले की रेटा दुपटीहून जास्त होतो. दुपारचा अंदाज 12 नॉटच्या पुढे असेल तर मी मुखाकडची फेरी सकाळी 11 पूर्वी आटोपतो, आणि 15 च्या पुढे असेल तर त्या दिवशी मुखाकडे जातच नाही.

लाटेची उंची म्हणून जो आकडा छापतात, तो सर्वांत मोठ्या एक-तृतीयांश लाटांचा सरासरी असतो. ‘1 मीटर’ लिहिले असेल तर दिवसभरात एखादी लाट जवळजवळ दुप्पट येणार, असे धरून चालावे. उंचीपेक्षाही दोन लाटांमधले सेकंद पाहायला शिकावे. 5-6 सेकंदांची लाट जवळच्या वाऱ्याची असते. 14-15 सेकंदांची लाट फार दूरच्या वादळातून निघालेली असते. ती भर समुद्रात होडीखालून नुसती सरकून जाते, पण खाडीच्या मुखाशी साचलेल्या वाळूवर आली की उंचावते आणि पाण्याची खोली तिच्या उंचीच्या सव्वापटीजवळ आली की फुटते. अशा दिवशी वारा पडलेला असतो, ऊन स्वच्छ असते आणि तरीही मुखात पांढरे पाणी असते.

बंदरावर बावटा, म्हणजे वादळाच्या इशाऱ्याची खूण, लागला असेल तर चर्चा संपली. 1 आणि 2 क्रमांक दूर समुद्रातल्या खराब हवामानाचे, 3 आणि 4 बंदरालाच झळ पोहोचण्याचे, 5 ते 7 धोक्याचे, 8 ते 10 महाधोक्याचे. हौशी माणसाने 1 क्रमांकालाच होडी वर ओढावी.

तिसरी पायरी: सकाळच्या शांत पाण्यावर विश्वास टाकू नका

पहाटे जमिनीवरून मतलई वारे वाहतात. ते होडीला अलगद मुखाकडे नेतात आणि किनाऱ्याजवळच्या लाटा दाबून टाकतात, म्हणून 8 वाजता समुद्र तेलासारखा दिसतो. याच वेळी यंत्र बंद पडले तर हाच प्रेमळ वारा तुम्हाला बाहेर घेऊन जातो. दोरासह नांगर होडीत हवाच.

मी हा धडा एका शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी घेतला. जाताना पाणी आरशासारखे होते. परतताना तीन वाजून गेले होते. गोपाळगड डावीउजवीकडे झुलतो आहे असे वाटत होते. मागून लाट आली, होडीची मागची बाजू उचलली गेली, पंखा पाण्याबाहेर येऊन यंत्र एकदम किंचाळले आणि नाळ, म्हणजे पुढचे टोक, समोरच्या लाटेच्या पोटात घुसली. तांडेल, म्हणजे होडी हाकणारा, काही बोलला नाही. त्याने आम्हा चौघांना हातानेच मागे बसायला खुणावले, वेग उतरवला आणि होडी लाटेच्या पाठीवर ठेवली, तिच्या पुढे धावू दिली नाही. होडी आडवी न होता आत येण्याची रीत तेवढीच आहे.

चौथी पायरी: पाण्यात असताना तीन ठिकाणी नजर ठेवा

पहिले ठिकाण लाटांचे माथे. तुरळक पांढरे फेस दिसू लागले म्हणजे वारा 7 ते 10 नॉटवर आला आहे. जिकडेतिकडे फेस दिसला म्हणजे 11 च्या पुढे गेला. दुसरे, डोंगराच्या आडोशातून बाहेर पडण्याची जागा. तिथे वारा अचानक बाजूने आदळतो. तिसरे आणि सर्वांत दुर्लक्षित ठिकाण पाठीमागे, पूर्वेला. एप्रिल-मे आणि ऑक्टोबरमध्ये दुपारनंतर सह्याद्रीवर कोबीसारखे ढग चढतात आणि संध्याकाळी समुद्राकडे उतरतात. पावसाआधी थंड झोत येतो आणि काही मिनिटांत वाऱ्याची दिशा उलटते. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंतच्या सेकंदांना तिनाने भागले की किलोमीटर मिळतात. 30 सेकंदांच्या आत आवाज आला तर पाण्यावर थांबू नये. काठ दूर असेल तर गळाची काठी आडवी ठेवावी, धातूला हात लावू नये, खाली बसावे.

जून-जुलैत यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते. आपणही तेव्हा काठावरच राहावे. मात्र बंदी उठली म्हणजे वादळे संपली असे नाही. निसर्ग चक्रीवादळ 3 जून 2020 रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आले, पण फयान चक्रीवादळ 2009 च्या नोव्हेंबरात, ऐन हंगामात आले होते.

मुखात पाणी फुटताना दिसले तर

बाहेरून येताना लाटांच्या फक्त पाठी दिसतात, त्यामुळे मुख असते त्याहून शांत वाटते. दोन-तीन मिनिटे बाहेरच थांबून लाटा मोजाव्यात. मोठ्या लाटांचा घोळका गेल्यावर थोडी उसंत मिळते. उसंत मिळतच नसेल तर खोल पाण्यात, नाळ वाऱ्याकडे ठेवून थांबावे, सर्वांनी लाइफ जॅकेट बांधावे आणि फोन भिजला नसताना तटरक्षक दलाच्या 1554 या क्रमांकावर कळवावे. सुकती संपून पाणी ठरले आणि भरतीचा पहिला अर्धा तास गेला, की वारा तोच असूनही मुखातल्या लाटा बसू लागतात. तेव्हा आत यावे, अंधार पडत असला तरी.