जाड 'स' अन् बारीक 'स', मले कसं जमलं

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, मी शिकलो मराठी शाळेत अन् नमाजच्या सूरा (कुरआनचे अध्याय) पाठ केल्या देवनागरीत छापलेल्या पुस्तकातून, तिथंच सगळा घोळ झाला. अरबीत सीन, साद अन् से असे तीन वेगळे अक्षरं, आपल्याकडे तिन्हीले एकच 'स'. रमजानमधी हाफिजसाहेबांनी (ज्याईले कुरआन तोंडपाठ असते) टोकलं, 'सिरात' म्हंजे रस्ता, त्याच्यातला साद आहे, जाड काढ. मंग मी ओठांचा चंबू करून जोर लावला तं ते 'सोरात' झालं, मागचे पोट्टे हासले.

खरी गोष्ट ओठात नाहीच बावा. जाडपणा जिभेच्या मागच्या भागातून येते, तो टाळूकडे उचलायचा, ओठ ढिलेच ठेवायचे. मी आरशासमोर बसून आधी सीन म्हणायचो, मंग जिभेचं टोक तिथंच ठेवून फक्त मागची बाजू वर, झाला साद. मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐकलं तेव्हा फरक कळला (स्वतःचा आवाज ऐकणं म्हंजे शिक्षाच हाय).

कायम जाड अक्षरं सातच: खे, साद, दाद, गैन, तोय, जोय अन् दोन नुक्त्यांचं (ठिपक्यांचं) काफ. हे काफ बारीक काढलं तं 'कल्ब' म्हंजे हृदयाचा डायरेक्ट कुत्रा होते, म्हून त्यात हयगय नाही.

अल्लाहमधला लाम (म्हंजे 'ल') मातर आधीचा स्वर पाहून बदलते, बिस्मिल्लाहमधी बारीक, हुवल्लाहमधी जाड. 'रे' (म्हंजे 'र') बी असंच कधी जाड, कधी बारीक, त्याचा हिशोब माझा अजून कच्चाच आहे.