मॉन्टू टेस्टचा निकाल कसा वाचावा

क्षयाच्या मॉन्टू चाचणीसाठी मुलाच्या हातावर इंजेक्शन देऊन 'परवा दाखवायला आणा' असे सांगितले, की घरातले लोक पहिल्या संध्याकाळपासूनच तो हात निरखू लागतात. लाली दिसली की पोटात गोळा येतो, काहीच दिसले नाही की जीव भांड्यात पडतो, आणि बहुतेक वेळा दोन्ही अवेळीच असते. ही चाचणी क्षयाचा जंतू शोधत नाही. त्या जंतूशी शरीरातील टी पेशींची, म्हणजे रोगांशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींची, आधी गाठ पडली आहे का, एवढेच ती विचारते. हात केव्हा पाहावा, काय मोजावे आणि आलेल्या आकड्याला किती वजन द्यावे, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे म्हणूनच टी पेशींच्या कामाच्या पद्धतीत शोधावी लागतात.

टी पेशी अस्थिमज्जेत जन्मतात आणि छातीच्या हाडामागील थायमस ग्रंथीत त्यांची पारख होते. या पारखीत बहुसंख्य पेशी नापास होऊन तिथेच मरतात. उरलेल्यांपैकी प्रत्येकीजवळ एकाच घडणीचा रिसेप्टर, म्हणजे ओळख पटवणारा रेणू, असतो. मात्र ही पेशी अख्खा जंतू ओळखू शकत नाही. क्षयाचा जंतू श्वासावाटे फुप्फुसात आला, की तेथील डेंड्रिटिक पेशी, म्हणजे पहारा देणारी पेशी, त्याला गिळते, जवळच्या लसिका ग्रंथीपर्यंत वाहून नेते आणि त्याच्या प्रथिनांचे बारीक तुकडे एमएचसी नावाच्या रेणूच्या खाचेत बसवून मांडते. तुकडा आणि आपल्याच शरीराचा हा रेणू अशी जोडी जमल्याशिवाय टी पेशी दाद देत नाही, हे पीटर डोहर्टी आणि रॉल्फ झिंकरनागेल यांनी विषाणूंवरील प्रयोगांतून दाखवले आणि त्यासाठी त्यांना १९९६ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

पण ओळख पटणे म्हणजे कामाला लागणे नव्हे. डेंड्रिटिक पेशीवरील बी-७ रेणूंनी टी पेशीवरील सीडी-२८ या रेणूला दुसरा इशारा द्यावा लागतो. तो मिळाला नाही, तर ती पेशी पुढेही त्या तुकड्याबाबत थंड पडून राहते. स्वतःच्याच ऊतींवर हल्ला होऊ नये म्हणून शरीराने घातलेली ही अट मला या साऱ्या व्यवस्थेतील सर्वांत शहाणपणाची वाटते. दोन्ही इशाऱ्यांसोबत इंटरल्युकिन-१२ सारखे रासायनिक निरोप आले, की सीडी-४ प्रकारची टी पेशी मॅक्रोफेजना, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशींना, बळ देणारी मदतनीस बनते, इंटरल्युकिन-२ च्या जोरावर तिच्या असंख्य प्रती तयार होतात, आणि त्यांतील काही ही ओळख जपणाऱ्या स्मृतिपेशी म्हणून पुढे वर्षानुवर्षे टिकतात.

संसर्गापासून ही तयारी चाचणीत दिसू लागेपर्यंत साधारण २ ते ८ आठवडे जातात. घरात कोणाला फुप्फुसाचा क्षय निघाला म्हणून दुसऱ्याच दिवशी मुलाची मॉन्टू केली आणि ती कोरी आली, तर तिच्यावर विसंबू नये. डॉक्टरांना विचारून सुमारे ८ आठवड्यांनी ती पुन्हा करून घ्यावी.

चाचणीसाठी वापरले जाणारे ट्युबरक्युलिन हे क्षयजंतूंच्या प्रथिनांचे शुद्ध केलेले मिश्रण असते. रॉबर्ट कॉख यांनी १८९० मध्ये ट्युबरक्युलिन औषध म्हणून पुढे आणले आणि त्या कामी ते फसले. ज्यांच्या नावावरून चाचणीला 'मॉन्टू' म्हणतात, त्या चार्ल्स मांतू या फ्रेंच डॉक्टरांनी १९०८ मध्ये ते त्वचेत टोचण्याची आजची रीत मांडली. मात्रा ०.१ मिलिलिटर असते आणि ती त्वचेच्या खाली नव्हे, तर त्वचेतच द्यायची असते. सुई निघताच ६ ते १० मिलिमीटरचा फिकट फुगा उठला पाहिजे. तो उठलाच नाही, तर औषध खोल गेले असे समजावे आणि तिथल्या तिथे तसे बोलून दाखवावे, कारण तेव्हाच दुसऱ्या जागी पुन्हा टोचता येते. घरी ती जागा खाजवू नये, चोळू नये, तिच्यावर मलम किंवा पट्टी लावू नये.

वाचन ४८ ते ७२ तासांच्या दरम्यान करावे. स्मृतिपेशी रक्तातून त्या जागी येतात, ट्युबरक्युलिनमधील प्रथिनाचा तुकडा ओळखतात, इंटरफेरॉन-गॅमा हा रासायनिक निरोप सोडतात आणि मॅक्रोफेजना बोलावतात. हा जमाव जमायला दोन दिवस लागतात. पहिल्या काही तासांतील लाली हे त्यांचे काम नसते. मेरिल चेस यांनी १९४५ मध्ये ही संवेदनशीलता एका गिनीपिगमधून दुसऱ्यात पेशींमार्फत नेता येते हे दाखवले, आणि त्यामुळे ती प्रतिपिंडांची (रक्तातील जंतुविरोधी प्रथिनांची) नव्हे, पेशींची प्रतिक्रिया असल्याचे स्पष्ट झाले.

मोजायचा तो टणक उंचवटा, लाली नव्हे. सर्वाधिक चुका इथेच होतात, कारण डोळा रंगावर जातो आणि टणकपणा मात्र बोटालाच कळतो. कोपर किंचित वाकवून हात टेकवावा, बॉलपेन बाहेरून आत हळूहळू सरकवत आणावे, अडथळा जाणवेल तिथे थांबावे आणि समोरच्या बाजूनेही तसेच करावे. हाताच्या लांबीला काटकोनात, म्हणजे आडवे, अंतर मोजून मिलिमीटरमध्ये लिहावे. उंचवटा नसेल तर '० मिमी' लिहावे. नुसते 'निगेटिव्ह' लिहिलेला कागद पुढच्या डॉक्टरांच्या फारसा उपयोगाचा नसतो. घरी घेतलेले हे माप टिपणापुरते ठेवावे, निकालाचे वाचन प्रशिक्षित व्यक्तीकडूनच करून घ्यावे.

सर्वसाधारणपणे १० मिलिमीटर किंवा अधिक उंचवटा पॉझिटिव्ह धरतात. एचआयव्ही असलेल्या किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्या व्यक्तीत ५ मिलिमीटरही पुरेसे मानले जातात, कारण तिच्या टी पेशींकडून मोठ्या जमावाची अपेक्षाच करता येत नाही. याच कारणाने गोवर, तीव्र कुपोषण, स्टेरॉइड किंवा शरीरभर पसरलेला क्षय असताना निकाल शून्य येऊ शकतो. मूल खंगत असेल, तर शून्यावर समाधान मानू नये.

उलट बाजूने, बीसीजी ही क्षयाविरुद्धची लस आणि मातीपाण्यातील क्षयजंतूंचे निरुपद्रवी भाऊबंद यांनीही टी पेशींना तीच ओळख करून दिलेली असू शकते, कारण ट्युबरक्युलिनमधील बरीच प्रथिने या सर्वांत सामाईक आहेत. इसॅट-६ आणि सीएफपी-१० ही दोन प्रथिने मात्र बीसीजीच्या जंतूत नाहीत. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची साय-टीबी ही त्वचाचाचणी त्यांच्यावरच आधारलेली आहे, आणि रक्तातील टी पेशींना नळीतच हे तुकडे दाखवून सुटलेला इंटरफेरॉन-गॅमा मोजणारी इग्रा तपासणीही. लस घेतलेल्या व्यक्तीत संशय उरला, तर या चाचण्यांविषयी विचारावे.

पॉझिटिव्ह निकालानंतर लक्षणांची चौकशी, छातीचा एक्स-रे आणि गरजेनुसार थुंकीची तपासणी होते; आजार आहे की नुसता सुप्त संसर्ग, हे त्यांवरून ठरते. संधिवातासाठी टीएनएफ हा दाह वाढवणारा रासायनिक निरोप रोखणारी औषधे सुरू करण्याआधी ही चौकशी विशेष काटेकोर असते, कारण जंतूंना गाठीत कोंडून ठेवण्याच्या कामी टी पेशी आणि मॅक्रोफेज टीएनएफवरच भिस्त ठेवतात. उपचार पूर्ण झाल्यावर 'बरे झाले का' हे पाहण्यासाठी मॉन्टू पुन्हा करून घेऊ नये; जंतू गेले तरी स्मृतिपेशी राहतात आणि हात पुन्हा तसाच फुगू शकतो.