घरपट्टीची पावती हातात, पण भरणा जमाच नाही

शेजारच्या काकूंनी घरपट्टी वसुलीला आलेल्या माणसाकडे रोख भरली. पावती, शिक्का, सही, सगळं होतं. पुढच्या बिलात मात्र तीच रक्कम थकबाकीत, वर शास्ती. महापालिकेच्या संकेतस्थळावर मालमत्ता क्रमांक टाकला, तर भरणा दिसेना. पावती निरखून पाहिली: जुन्या पावत्यांवर क्रमांक छापील, हिच्यावर पेनाने लिहिलेला. सत्तरीच्या बाईला असं फसवावं, याचा फार संताप आला.

खिडकीवर तोंडी सांगितलं की 'बघतो' एवढंच ऐकायला मिळतं. म्हणून कर विभागाच्या उपायुक्तांना लेखी तक्रार दिली, प्रत आयुक्तांना. सोबत झेरॉक्सच जोडली. मूळ पावती कुणाच्याही हातात देऊ नका. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतला. तक्रारीत कुणाला चोर म्हटलं नाही, फक्त तारीख, रक्कम, पावती क्रमांक.

खरं काम झालं माहिती अधिकारामुळे. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून त्या पावतीच्या नोंदीची साक्षांकित प्रत मागितली. उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं. आलं: 'अशी नोंद आढळत नाही.' तो कागद तक्रारीला जोडल्यावर चौकशी लागली, काकूंची वसुलीही थांबवली.

कुणी लाच मागत असेल तर थेट १०६४ ला फोन करा, तो लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा आहे.