आरोग्याचा हिशेब मांडताना या चुका टाळा

रुग्ण कल्याण समितीत किंवा ग्रामसभेत ‘हे परवडत नाही’ असं कोणी म्हटलं की चर्चा तिथेच आटोपते. पैसा मर्यादित आहे, तेव्हा आरोग्याचे निर्णय घेताना अर्थशास्त्र लागणारच, आणि ते लागावं असं माझं ठाम मत आहे. अडचण अर्धवट हिशेबाची आहे. खाड्या, घाट आणि विखुरलेल्या वाड्यांच्या कोकणात असा हिशेब माणसाच्या जिवावर बेततो.

फक्त सरकारी वहीतला खर्च धरणं

दोन उपकेंद्रांना मिळून एकच आरोग्यसेविका ठेवली की कागदावर पगार वाचतो. पण रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी पलीकडच्या वाडीतल्या आजींना स्पेशल रिक्षा करावी लागते, सोबत सून येते, ऐन लावणीत दोघींचा दिवस जातो. दोन-तीन खेपांनंतर गोळ्या बंद होतात आणि पुढे कधीतरी पक्षाघात होतो. सावंतवाडी-दोडामार्गकडचे गंभीर रुग्ण गोव्यात बांबोळीच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात हलवतात. तिथे उपचार झाले तरी सोबतच्या माणसांचं राहणं, जेवण, येणंजाणं घरच्यांनाच बघावं लागतं.

देशाच्या एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. घट मोठी आहे. मात्र बुडालेली मजुरी या आकड्यात धरलेली नसते. म्हणून बचतीचा कुठलाही प्रस्ताव आला की तीन रकाने मागा: सरकारचा खर्च, घराचा खर्च, कामाचे बुडालेले दिवस. पहिला घटला आणि बाकीचे दोन वाढले, तर सरकारने आपला बोजा रुग्णाच्या अंगावर टाकला असं समजा.

मागच्या वर्षीचा वापर म्हणजेच गरज मानणं

माझ्या मते सगळ्यात घातक चूक ही. फुरसं हा विषारी साप कोकणात भरपूर. त्याच्या दंशावर प्रतिविष लागतं आणि एका रुग्णाला दहा-दहा कुप्याही लागू शकतात. आरोग्य केंद्रात साठा नसला की रुग्णाला पुढे पाठवतात. नोंदवहीत वापर शून्य दिसतो. त्या शून्यावरून पुढच्या वर्षीचं मागणीपत्रक तयार होतं, साठा पुन्हा येत नाही आणि टंचाईलाच ‘मागणी नाही’ असं नाव मिळतं.

याची तपासणी सोपी आहे. औषधांच्या वहीशेजारी पुढे पाठवलेल्या रुग्णांची वही ठेवा आणि महिन्यांनुसार ताडून बघा. पावसाळ्यात पाठवलेले सर्पदंशाचे रुग्ण जास्त आणि प्रतिविषाचा वापर नगण्य, असं दिसलं तर घोळ सापडला. गणपती, शिमगा आणि मे महिन्यात मुंबईकर गावी आले की गावं भरून जातात. वार्षिक सरासरीत ती गर्दी दिसत नाही.

मुदत संपलेल्या कुप्या दाखवून ‘एवढे पैसे वाया गेले’ म्हणणारेही भेटतात. होडीतलं लाइफ जॅकेट वर्षभर लागलं नाही म्हणून खलाशी ते घरी ठेवून जात नाही. सज्जतेचाच हा खर्च असतो, तो धरूनच अंदाजपत्रक करावं. मुदत संपायच्या आत जास्त रुग्णांच्या केंद्राकडे कुप्या फिरवल्या तर नुकसानही कमी होतं.

इथेच लोकसंख्येचे निकषही बघा. उपकेंद्र सपाटीवर ५,००० लोकांमागे, डोंगरी व आदिवासी भागात ३,००० मागे. प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी हेच आकडे ३०,००० आणि २०,०००. आपल्या गावाला यातला कोणता निकष लावला आहे, हे तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना लेखी विचारा.

‘थोडं शुल्क घेतलं की लोकांना किंमत कळते’

ऐकायला पटतं, पण केनियात हे तपासून पाहिलं गेलं. गरोदर स्त्रियांना मच्छरदाण्या फुकटऐवजी सुमारे ६० सेंटला देऊ केल्या, तर घेणाऱ्यांचं प्रमाण ६० टक्के बिंदूंनी घसरलं. फुकट मिळालेल्यांनी त्या कमी वापरल्या, असंही आढळलं नाही. महाराष्ट्राने ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतले उपचार निःशुल्क केले, ते योग्यच झालं.

कमाईवरून जीव मोजणं

उपचाराचा फायदा केवळ वाचलेल्या मजुरीत मोजला तर रत्नागिरीसारख्या जिल्ह्यावर अन्याय होतो. २०११ च्या जनगणनेत इथे हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, कारण कमावता माणूस मुंबईत. गावातल्या म्हाताऱ्यांची आणि घर-शेती ओढणाऱ्या बायकांची कमाई कागदावर शून्य. फायदा मोजायचा तर किती वर्षं आयुष्य वाढलं आणि ती कितपत धडधाकट गेली, यावर मोजा.

महागडं तेच गुणकारी समजणं

नवं यंत्र आलं की फीत कापली जाते. तंत्रज्ञ आणि देखभालीची तरतूद मागाहून आठवते. याउलट महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांचं काम पाहा. लाल विंचवाच्या दंशाने रुग्ण पटापट दगावत असत, तेव्हा त्यांनी रक्तदाबासाठी वापरली जाणारी प्रॅझोसिनची स्वस्त गोळी वापरून मृत्यूचं प्रमाण प्रचंड खाली आणलं. त्यामुळे खरेदीच्या बैठकीत नव्या यंत्राची चर्चा करण्याआधी विचारा: ही गोळी आणि प्रतिविष आपल्या केंद्रात आज शिल्लक आहे का, आणि रात्री कपाटाची किल्ली कोणाकडे असते?