गावच्या मैदानावरचा चढाईपटू पुढे टिकेल का, हे कसे पारखावे

विदर्भातल्या एखाद्या तालुक्यात शारीरिक शिक्षणाचा शिक्षक म्हणून रुजू झालेल्या तरुणाला पहिल्याच हंगामात कोणीतरी पालक गाठतो आणि विचारतो, "सर, आमचं पोट्टं पुढं खेळन काय?" पुढे खेळणे म्हणजे 2014 मध्ये सुरू झालेली प्रो कबड्डी, आणि ते न जमल्यास रेल्वे किंवा पोलीस दलाच्या संघातून मिळणारी नोकरी, हे विचारणाऱ्याच्या मनात पक्के असते. जिल्ह्याच्या निवड चाचण्यांना बरीच वर्षे बसल्यानंतर माझे मत असे झाले आहे की मुलाच्या अंगात खेळ आहे की नाही हे बाजूला उभ्या असलेल्या पानठेलेवाल्यालाही दिसते. निवड करणाऱ्याने पाहायचे असते ते हे, की तो खेळ कोणासमोर चालतो आणि त्याचा डाव ओळखला गेल्यावर काय उरते.

सोयाबीन घरात आले आणि कापसाची पहिली वेचणी आटोपली की गावोगावी दिव्यांच्या उजेडात कबड्डीचे सामने सुरू होतात. अशा सामन्यांत समोरच्या सातांपैकी दोघे-तिघे रोज सराव करणारे असतात आणि बाकीचे गावाचे नाव राखायला उतरलेले असतात. तिथे एका रात्रीत मिळवलेल्या गुणांचा आकडा फारसा बोलका नसतो. नवीन माणसाने वहीत गुणांशेजारी समोरच्या दोन कोपरारक्षकांचीही नोंद ठेवावी, आणि मुलाने गुण त्यांच्याकडून घेतले की मधल्या कच्च्या खेळाडूंकडून, हे लिहावे. बोनस, म्हणजे कोणाला न शिवता समोरच्या अंगणातली बोनस रेषा ओलांडून मिळणारे गुण, वेगळे मोजावेत, कारण समोर सहा किंवा सात जण असतानाच बोनस मिळतो; ज्याचे बहुतेक गुण बोनसचे आहेत, तो समोर चौघेच उरले की काय करतो हे वहीतून लगेच कळते.

वरिष्ठ गटाच्या राष्ट्रीय स्पर्धेत विदर्भाचा संघ महाराष्ट्रापासून स्वतंत्र उतरतो. संघातल्या जागेसाठी आपल्या मुलाला मुंबई, पुणे, सांगली, कोल्हापूर इथल्या मुलांशी झगडावे लागत नाही, ही सोय आहे. पण खरा कसलेला कोपरारक्षक त्याला थेट राष्ट्रीय स्पर्धेतच भेटतो, ही त्याच सोयीची दुसरी बाजू आहे. म्हणून मुलाबद्दल मत देण्यापूर्वी त्याला एकदा तरी विदर्भाबाहेरच्या चांगल्या संघासमोर उतरवावे, आणि तिथे तो हरला तरी नोंद तीच धरावी.

वयाचा मुद्दा त्याहून फसवा आहे. शालेय स्पर्धा 14, 17 आणि 19 वर्षांखालील गटांत होतात आणि वयाची रेषा 1 जानेवारीला धरली जाते, त्यामुळे जानेवारीत जन्मलेला मुलगा डिसेंबरच्या मुलापेक्षा जवळजवळ वर्षभराने मोठा असूनही त्याच गटात खेळतो. कॅनडातल्या आइस हॉकीत हीच गोष्ट रॉजर बार्न्स्ली यांनी 1980 च्या दशकात दाखवून दिली होती: तिथेही वयाची रेषा 1 जानेवारी, आणि निवडलेल्या मुलांत वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेल्यांची गर्दी. आपल्याकडे त्यात आणखी एक गोम आहे. शाळेत नाव घालताना गुरुजींनी जून महिन्यातली जन्मतारीख टाकून देण्याची जुनी रीत खेड्यांतून अजून पुरती गेलेली नाही, त्यामुळे कागदापेक्षा मुलाची वाढ पाहावी. चौदाव्या वर्षीच मिसरूड फुटलेला आणि मांड्या भरलेला मुलगा आज जोरावर सुटतो. दोन वर्षांनी बाकीचे त्याच्याएवढे झाले की तो जोर उरत नाही. उलट, अंगाने किरकोळ असूनही चपळाईने गुण घेणारा मुलगा, ज्याचा बाप आणि मामा उंच आहेत, तो यादीतून घाईने वगळू नये.

आता प्रत्यक्ष चढाई कशी पाहावी. प्रेक्षक चढाईपटूकडे पाहतात. आपण डाव्या कोपऱ्यावरच्या रक्षकाच्या पायांकडे पाहावे. गेल्या हंगामात एक मुलगा उजव्या पायाने पायाचा स्पर्श फार सफाईने करत होता आणि पहिल्या डावात त्यावरच त्याने सामना ओढला. दुसऱ्या डावात कोपऱ्यावरच्या पोराने फक्त अर्धे पाऊल मागे घेतले आणि वजन टाचेवर ठेवले. मुलाचा पाय दोनदा हवेत गेला. तिसऱ्या वेळी त्याने पाय टाकल्यासारखे केले, कोपरा घोट्यासाठी वाकला तेवढ्यात हात लांबवून त्याच्या खांद्याला शिवला आणि मध्यरेषेकडे फिरला. सगळा प्रकार 30 सेकंदांच्या चढाईतल्या दोन-तीन सेकंदांचा होता, पण मला त्या मुलाबद्दल जे हवे होते ते तेवढ्यात मिळाले. ज्याच्याजवळ एकच हत्यार आहे, तो ते हुकले की अधिक जोराने तेच चालवतो. प्रदीप नरवालची डुबकी पाहून आलेली मुले याचे नेहमीचे उदाहरण आहेत. डुबकी, म्हणजे रक्षकांच्या हातांखालून वाकून निसटणे, ही साखळीतून (हात धरून अडवणाऱ्या रक्षकांतून) सुटण्याची अखेरची वाट आहे, आणि पहिल्या चढाईपासून ती मारणाऱ्याची चांगला मध्यरक्षक वाटच पाहत बसलेला असतो.

संघाच्या लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्यानंतरची तिसरी चढाई मुद्दाम पाहावी, कारण तीत गुण घेतला नाही तर चढाईपटू बाद होतो. तिथे घाई करणारा आणि वेळ मोजून शेवटच्या दहा सेकंदांत घाव घालणारा, हे दोघे वेगळे कळतात. चढाई नसताना तो बचावात साखळी धरतो का, हेही पाहावे. 2024 मध्ये पुणेरी पलटणने प्रो कबड्डीचे विजेतेपद मिळवले, तेव्हाचा कर्णधार अस्लम इनामदार चढाईसोबत पकडही करणारा खेळाडू आहे, आणि संघांना असा माणूस परवडतो.

मातीवरचा खेळ मॅटवर तसाच्या तसा उतरत नाही. मातीवर अनवाणी पाय थोडा घसरतो आणि त्या घसरण्यात अंग लांबवता येते. मॅटवर बूट घट्ट धरतो, वळण जलद होते आणि गुडघ्यावर ताण येतो. मॅट तालुक्याला क्वचितच असते. तरी निवडीपूर्वी जवळपासच्या क्रीडा संकुलात मुलाला काही दिवस मॅटवर खेळवल्याशिवाय त्याच्याबद्दल शिफारस लिहू नये. वजनाचेही तसेच: वरिष्ठ पुरुष गटाला 85 किलोची मर्यादा आहे आणि वजन काट्यावर भरल्यावर मनाचे समाधान चालत नाही.

पालकाला उत्तर देताना प्रो कबड्डीची आशा मोठी करू नये. तिथल्या जागा थोड्या आहेत आणि एक गुडघा गेला की हंगाम जातो. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी योग्य दर्जाच्या स्पर्धेचे प्रमाणपत्र आणि त्याची क्रीडा विभागाकडून पडताळणी लागते. गावच्या रोख बक्षिसांच्या सामन्यांतून तसे प्रमाणपत्र मिळत नाही, हे पालकाला पहिल्याच भेटीत सांगावे, आणि शाळेच्या व संघटनेच्या प्रत्येक स्पर्धेचा कागद त्याच आठवड्यात मुलाच्या फाइलला लावून घ्यावा.