नलिनी मलानींच्या धर्तीचं छायानाट्य: एक नळकांडं, एक दिवा, एक भिंत

चित्रकार नलिनी मलानी १९४६ साली कराचीत जन्मल्या, फाळणीनंतर कुटुंबासोबत भारतात आल्या आणि पुढे मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकल्या. कॅनव्हासवरून त्या व्हिडिओ आणि फिरत्या, रंगवलेल्या पारदर्शक नळकांड्यांपर्यंत पोचल्या. नळकांड्यातून प्रकाश सोडला की चित्रांच्या सावल्या भिंतीवर सरकतात. २०१२ साली जर्मनीतल्या कासेलच्या डॉक्युमेंटा या कलाप्रदर्शनात त्यांच्या दालनात पाच नळकांडी फिरत होती आणि सहा व्हिडिओ चालू होते. शिकायला एकच नळकांडं पुरे.

१२५ मायक्रॉनची पारदर्शक पॉलिएस्टर फिल्म घ्या, उंची ६० सेंटिमीटर. बारा इंची भरतकामाच्या दोन रिंगा आणा, एक वरच्या काठाला, एक खालच्या. आतल्या आणि बाहेरच्या कड्यामध्ये फिल्म दाबून स्क्रू आवळला की गोंद लागत नाही. आतल्या कड्याचा घेर शिंप्याच्या टेपने मोजा (साधारण ९५ सेंटिमीटर भरतो) आणि जोडासाठी २ सेंटिमीटर जास्त ठेवून कापा.

फिल्म टेबलावर पसरून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून मगच रंगवा. बोटाचा तेलकट ठसासुद्धा भिंतीवर उमटतो. पोस्टर कलर फिल्मला धरत नाही, पोपडे निघतात. काचेवर वापरतात तो पारदर्शक ग्लास कलर वापरा. अपारदर्शक रंग कुठलाही असो, सावली काळीच पडणार, म्हणून तो फक्त रेषांना. रंगवलेली बाजू आत ठेवायची आहे आणि नळकांडं बाहेरूनही बघितलं जाणार आहे, तेव्हा क्रम उलटा: आधी डोळे, रेषा, बारकावे, मग अंगाचा रंग, पार्श्वभूमी शेवटी. २४ तास वाळू द्या. जाड थर गुंडाळताना तडकतो.

आता दिवा. दुधी काचेचा साधा एलईडी बल्ब चालणार नाही, आणि का ते हिशेबच सांगतो. दिव्यापासून नळकांड्याचा मध्य १ मीटरवर आणि भिंत ४ मीटरवर असेल, तर ६ सेंटिमीटर रुंद बल्बने सावलीची कड २० सेंटिमीटरच्या आसपास पसरून धूसर होते. १२ व्होल्टच्या छोट्या हॅलोजन कॅप्सूलची तार काही मिलिमीटरचीच, त्यामुळे कड दीड-दोन सेंटिमीटरवर येते. प्रोजेक्टर असेल तर उत्तमच. फोकस भिंतीवर धरा आणि नळकांडं वाटेत टांगा.

खरी गंमत पुढे आहे. प्रकाश नळकांड्याच्या दोन्ही बाजूंतून जातो. दिव्याकडच्या बाजूची सावली साधारण पावणेपाच पट मोठी, भिंतीकडच्या बाजूची साडेतीन पट, आणि दोन्ही एकमेकींच्या विरुद्ध दिशेने सरकतात. म्हणून दोन आकृत्या अर्ध्या घेरावर, साधारण ४७ सेंटिमीटर अंतराने काढा: एक बोचकं घेतलेली बाई, एक बंदूकवाला. भिंतीच्या मधोमध त्या एकमेकांना ओलांडतात, आणि अर्ध्या फेरीनंतर मघाचा मोठा लहान होऊन परततो. फाळणी असो वा दंगल, कोण मोठं दिसावं हा निर्णय इथे ब्रश नाही, जागा घेते. तीन-चार आकृत्यांपेक्षा जास्त काढलंत तर नुसता गोंधळ.

अक्षरं एका बाजूने नेहमीच उलटी पडणार. टेबलावर सरळ लिहा, ती बाजू आत गुंडाळा. भिंतीकडच्या बाजूला, म्हणजे लहान पण ठळक सावलीत, मजकूर सुलटा येतो. नळकांडं वरून पाहिल्यास घड्याळाच्या उलट फिरलं, तर शब्द डोळ्यांना योग्य क्रमाने मिळतात.

नळकांडं फिरवायच्या मोटारीत हमखास चुकतं. मायक्रोवेव्हची मोटार स्वस्त, पण तिच्यावर ताट ठेवायचं असतं, वजन टांगायचं नसतं. शिवाय वीज जाऊन आली की ती कुठल्याही दिशेने सुरू होते आणि तुमचं वाक्य उलटं धावतं. डेकोरेशनवाल्यांकडची मिरर बॉलची मोटार घ्या, मिनिटाला एक-दीड फेऱ्यांची, आणि दिशा ठरलेली आहे ना ते दुकानातच चालवून बघा. मिनिटाला पाच फेऱ्या झाल्या की बघणाऱ्याला गरगरतं. मुंबईत असाल तर मोटार, होल्डर, वायर यांसाठी लोहार चाळ गाठा. मलानींचा स्टुडिओ तिथेच होता आणि तिथली माणसं त्यांच्या चित्रांत आली.

दिवा जमिनीपासून ६० सेंटिमीटरवर ठेवलात, तर समोरून जाणाऱ्या प्रेक्षकाची सावली चित्रात घुसते. तो गर्दीत सामील व्हावा असं वाटत असेल तर तसंच राहू द्या. नको असेल तर दिवा आणि नळकांडं दोन्ही डोक्यावर, सव्वादोन मीटरवर न्या.